साडीला नोटीस, सांगाड्याला नाही: अमेरिकेतल्या उपहासात्मक विज्ञानकथा कशा वाचायच्या

न्यू जर्सीत राहत होतो तेव्हाची गोष्ट. आई सहा महिन्यांसाठी आली होती. ड्रायरमध्ये सुती साडी आटते असं तिचं ठाम मत, आणि एका साडीचा बळी गेल्यावर ते मलाही पटलं. मग ती मागच्या डेकच्या कठड्यावर साड्या वाळत घालू लागली. चौथ्या दिवशी पेटीत एचओएचं पत्र. एचओए म्हणजे आपल्या हाउसिंग सोसायटीची तिकडची बहीण. फरक इतकाच की आपला सेक्रेटरी जिन्यात गाठून ओरडतो, तिकडे कुणी ओरडत नाही. पत्राचं शीर्षक होतं 'फ्रेंडली रिमाइंडर'. परिसराचं सौंदर्य जपण्यात आम्ही करणार असलेल्या सहकार्याबद्दल आधीच आभार मानलेले, त्याखाली नियमाचा क्रमांक, त्याखाली दंडाचा आकडा. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "इतकं गोड बोलून पैसे मागतायत?" हॅलोविन जवळ आला होता. समोरच्या अंगणात झाडाला सहा फुटी सांगाडा फास लावून लटकवलेला. त्याला पत्र गेलं नव्हतं. ती सजावट होती.

पुढे काही वर्षांनी जॉर्ज साँडर्स या अमेरिकन लेखकाची 'द सेम्प्लिका गर्ल डायरीज' ही कथा वाचली आणि तो सांगाडा आठवला. ही कथा २०१२ च्या ऑक्टोबरात 'न्यू यॉर्कर'मध्ये आली. तिच्यात एक मध्यमवर्गीय बाप रोजनिशी लिहितो. वय चाळीस, तीन मुलं, गाडीचा बंपर गळून पडलेला, क्रेडिट कार्डं काठोकाठ भरलेली. थोरल्या मुलीच्या श्रीमंत मैत्रिणीकडे वाढदिवसाला सगळे जातात. तिथे अंगणात पांढरे झगे घातलेल्या बायका हारीने टांगलेल्या असतात. परदेशातून, गरीब देशांतून आलेल्या. एक बारीक तार त्यांच्या डोक्यातून आरपार ओवलेली असते आणि वाऱ्यावर त्यांचे केस हलत असतात. दुखत नाही म्हणे. त्या स्वतः अर्ज करून आल्यात, पगार मिळतो, घरी पैसे पाठवतात. बापाला त्यात भयानक काही दिसत नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की आपल्या अंगणात असं काही नाही, आणि पोरीला मैत्रिणींसमोर मान खाली घालावी लागते.

मग त्याला दहा हजार डॉलर्सची लॉटरी लागते. तो चार बायका आणतो.

अशा कथांचं इंग्रजीत एक मोठं घराणं आहे. विज्ञानकथेचा सांगाडा, उपहासाचं रक्त, आणि विषय आजची अमेरिका. मराठी वाचक त्यांच्याकडे गेला की बहुतेकदा दोन तक्रारी घेऊन परत येतो. एक, यात विज्ञान कुठाय? दोन, यात हसण्यासारखं काय आहे? दोन्ही तक्रारी रास्त आहेत.

पहिली आधी. आपल्याकडे विज्ञानकथा म्हटलं की जयंत नारळीकर. त्यांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून! त्या परंपरेत विज्ञान खरं असावं लागतं, निदान खोटं ठरू नये अशी अपेक्षा असते. साँडर्सच्या कथेला ही कसोटी लावली तर ती पहिल्याच पानावर नापास. मेंदूतून तार ओवून माणूस जिवंत कसा राहील? साँडर्सला हे कळत नाही असं नाही. तो शिकलेला भूभौतिकीचा अभियंता, सुमात्रात तेल शोधणाऱ्या पथकात काम केलेला. पण या कथांत यंत्र खरं वाटणं गौणच असतं. यंत्राचं काम फक्त एक नियम बदलण्याचं.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. मराठी फार्स आठवा. पहिल्या अंकात कुणीतरी एक थाप मारतो. त्यानंतर तीन अंकभर सगळी पात्रं अगदी प्रामाणिकपणे, आपापल्या स्वभावाला धरून वागतात, आणि त्या प्रामाणिकपणातूनच गोंधळ वाढत जातो. या कथांमधलं विज्ञान ही पहिल्या अंकातली थाप. ती पचवली की पुढे सगळं खरं असतं.

म्हणून वाचताना मी एक सवय लावून घेतली आहे. लेखकाने काय बदललं याकडे फार लक्ष द्यायचं नाही. त्याने काय बदललं नाही ते बघायचं. सेम्प्लिकामध्ये बदललंय ते एवढंच, एक तार. न बदललेलं काय काय आहे? वाढदिवसाला शेजाऱ्याच्या तोडीस तोड पार्टी देण्याची धडपड. उसने पैसे मागितल्यावर सासऱ्याने दिलेला नकार. आठ वर्षांची धाकटी मुलगी टांगलेल्या बायका बघून कासावीस होते तेव्हा तिला 'अगं, त्यांच्या गावापेक्षा इथे त्या बऱ्या आहेत' असं समजावणारा, मनाने खरोखर चांगला असलेला बाप. हे शेवटचं वाक्य मी अमेरिकेत माळ्याबद्दल ऐकलंय, मुलं सांभाळणाऱ्या बाईबद्दल ऐकलंय, आणि आपल्याच लोकांच्या पॉटलकमध्ये, हातात श्रीखंडाची वाटी घेऊन बोललेलं ऐकलंय. व्हिसाच्या रांगेत उभे राहिलेले आपण त्या अंगणात नक्की कुठल्या बाजूला, हे ठरवायला मला दुसऱ्यांदा वाचावी लागली ती गोष्ट.

आता हे घराणं सुरू कुठून झालं ते. १९५० च्या ऑक्टोबरात एच. एल. गोल्ड या संपादकाने 'गॅलक्सी' नावाचं मासिक काढलं. काळ मोठा मजेशीर होता. युद्ध संपलेलं, कारखाने रणगाड्यांकडून फ्रीजकडे वळलेले, हप्त्यांवर वाटेल ते मिळत होतं. १९५० मध्ये दहा घरांमागे जेमतेम एका घरात टीव्ही होता. १९६० पर्यंत दहा घरांमागे जवळजवळ नवांत तो पोचला. दुसरीकडे सिनेटर मॅकार्थीचा धाक, कोण कम्युनिस्ट याची शोधाशोध. अशा वेळी देशावर सरळ टीका करणं महागात पडायचं. पण भडक मुखपृष्ठांच्या स्वस्त मासिकात मंगळावरचं काय छापून येतंय हे कोण बघतो? 'गॅलक्सी'च्या लेखकांनी ही पळवाट मनसोक्त वापरली.

त्यातला माझा आवडता फ्रेडरिक पोल. हा माणूस काही वर्षं जाहिरातींचा मजकूर लिहीत होता, म्हणजे घरचा भेदी. त्याची 'द मिडास प्लेग' ही १९५४ ची कथा एका वाक्यात सांगता येते. यंत्रमानव इतका माल काढतात की तो संपवणं हे नागरिकाचं कर्तव्य ठरतं. मग गरिबाला मोठं घर आणि भरमसाट खायची सक्ती, तर श्रीमंताला छोटं घर आणि काम करायची चैन. कल्पना फक्कड आहे, पण कथा लांबते, असं माझं मत.

'द टनेल अंडर द वर्ल्ड' मात्र लांबत नाही. ही १९५५ च्या जानेवारीतली. (शेवट सांगणार आहे. ज्यांना आधी वाचायची असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडावेत.) गाय बर्कहार्ट नावाचा कारकून स्फोटाचं स्वप्न पडून दचकून जागा होतो. तारीख १५ जून. नेहमीचं गाव, नेहमीची नोकरी; फक्त जाहिराती जरा अंगावर येतात. एक लाउडस्पीकरची गाडी गल्लीत येऊन एका विशिष्ट कंपनीचा फ्रीझर तुमच्याकडे नसेल तर तुमचा फ्रीझर म्हणजे कचरा, असं कानठळ्या बसेपर्यंत ओरडत राहते. दुसऱ्या दिवशी तो उठतो. तारीख १५ जून. गावातल्या कुणालाच कालचं आठवत नाही. एके रात्री तळघरात, अर्धवट बांधलेल्या होडीखाली झोप लागल्यामुळे त्याची आठवण पुसायची राहून गेलेली असते, म्हणून त्याला कळतं.

शोध घेत घेत तो जिथे पोचतो ते असं: गावातला रासायनिक कारखाना फुटला, सगळे मेले. एका जाहिरातवाल्याने मेलेल्यांचे मेंदू चिमुकल्या यंत्रमानवांत उतरवून घेतले. आता ते आख्खं गाव एका टेबलावर मांडलेलं आहे. रोज एक नवी जाहिरात चालवून बघायची, कोण किती विकत घेतं ते मोजायचं, रात्री सगळं पुसायचं, सकाळी पुन्हा १५ जून. मला यातली भीती टेबलावरच्या गावाची वाटत नाही. जाहिरातवाला दुष्ट नाही, याची वाटते. त्याला बर्कहार्टचा राग नाही की लोभ नाही. नमुना चांगला आहे, वाया कशाला घालवायचा, एवढाच त्याचा हिशोब.

२०१२ च्या जानेवारीत फेसबुकने आठवडाभर ६,८९,००३ लोकांच्या न्यूज फीडमधल्या आनंदी आणि दुःखी पोस्टचं प्रमाण हळूच कमी-जास्त करून बघितलं, की त्यांच्या स्वतःच्या लिखाणावर काय परिणाम होतो. २०१४ मध्ये निबंध छापून आला तेव्हाच लोकांना कळलं. परवानगीचं विचारलं तर उत्तर असं, की खातं उघडताना तुम्ही अटी मान्य केल्या होत्या. पोलच्या कथेत अटी मान्य करायला कुणी लावत नाही. मेलेल्यांना काय विचारायचं? खऱ्या आयुष्यात जिवंत माणसांकडून 'मान्य आहे'वर एक टिचकी घ्यावी लागली. ही टिचकी लक्षात ठेवा, साँडर्सकडे परत जाऊ तेव्हा लागेल.

रे ब्रॅडबरीची 'द पेडेस्ट्रियन' (१९५१) तर चार-पाच पानांचीच. साल २०५३. लेनर्ड मीड रात्री एकटा चालायला निघतो. बाकी सगळे घरात टीव्हीसमोर. तीस लाखांच्या शहरात पोलिसांची गाडी एकच उरलेली, कारण गुन्हे होतच नाहीत, आणि ती नेमकी याला अडवते. गाडीत माणूस नाही. धंदा काय? लेखक. म्हणजे काही नाही, अशी नोंद होते. काय करत होतात? चालत होतो. कुठे? कुठे नाही, हवा खायला. लग्न? नाही. त्याला मनोरुग्णांच्या संस्थेत नेण्यात येतं. ब्रॅडबरीला ही गोष्ट सुचली ती लॉस एंजेलिसमध्ये मित्राबरोबर रात्री चालत असताना पोलिसांनी खरोखर थांबवलं तेव्हा.

मराठी माणसाला या कथेला तळटीप लागत नाही. सबर्बमध्ये मुलाकडे राहायला गेलेले आई-वडील सकाळी पायात स्पोर्ट्स शूज, डोक्याला माकडटोपी, अशा थाटात फिरायला निघतात तेव्हा पडद्याआडून त्यांच्याकडे कसं बघितलं जातं, हे ज्याच्या त्याच्या अनुभवाचं आहे. २०१५ च्या फेब्रुवारीत अलाबामात नातवाला सांभाळायला आलेले एक गुजराती आजोबा फुटपाथवर चालत होते. शेजाऱ्याने फोन केला की कुणीतरी संशयास्पद इसम फिरतोय. पोलिसांनी त्यांना जमिनीवर आपटलं, मणक्याला इजा होऊन शरीर अंशतः लुळं पडलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. ब्रॅडबरीच्या गाडीने निदान उत्तरं तरी ऐकून घेतली होती.

आता दुसरी तक्रार: हसायचं कुठे? आणि त्याहून नाजूक, हसायचं कुणाला? उपहासाची कायमची अडचण अशी की तो सरळ वाचला की उलटा लागतो. कर्ट व्हॉनेगटची 'हॅरिसन बर्जरॉन' (१९६१) याचं उत्तम उदाहरण. साल २०८१. घटनेला २११, २१२ आणि २१३ व्या दुरुस्त्या होऊन सगळे अखेर समान झालेत. म्हणजे कसे? सुंदर बाईने मुखवटा घालायचा, बलवानाने वजनं बांधायची. हॅरिसनचा बाप जॉर्ज हुशार, म्हणून त्याच्या कानात सरकारी रेडिओ. दर थोड्या सेकंदांनी तो कर्कश आवाज काढतो आणि विचाराची साखळी तुटते. गळ्यात ४७ पौंड शिशाच्या छऱ्यांची पिशवी. बायको म्हणते, दमलास, चार छरे काढून ठेव ना. तो म्हणतो, एका छऱ्यामागे दोन वर्षं कैद आणि दोन हजार डॉलर दंड. हा काय सौदा झाला? हा नवरा-बायकोचा संवाद फार गोड आहे. कथेतलं भय तिथेच मुरलेलं आहे.

मग चौदा वर्षांचा, सात फुटी, देखणा हॅरिसन तुरुंगातून पळून टीव्हीच्या स्टुडिओत घुसतो, बेड्या तोडतो, आणि पहिलं काम काय करतो? स्वतःला सम्राट जाहीर करतो. थोड्याच वेळात त्याला गोळी घातली जाते. आई टीव्हीवर बघून रडते आणि का रडलो तेच विसरते.

समतेच्या कायद्यांचा ज्यांना राग आहे त्यांनी ही कथा डोक्यावर घेतली. २००१ मध्ये पायाला आजार असलेल्या एका गोल्फपटूला स्पर्धेत गाडी वापरू द्यावी का, हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आला. सात विरुद्ध दोन मतांनी निकाल त्याच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती अँटनिन स्कॅलिया यांनी विरोधी मत लिहिलं आणि शेवट केला तो व्हॉनेगटच्या पहिल्याच वाक्यावर, फक्त साल बदलून. २००५ मध्ये कॅन्सस राज्यात शाळांना पैसे समान वाटायचे की नाही या वादातही वकिलांनी ही कथा पुढे केली. तेव्हा व्हॉनेगट हयात होता. त्याने वर्तमानपत्राला सांगितलं की माझी गोष्ट बुद्धी आणि गुणांबद्दल आहे, आणि पैसा असणं हा दोन्हींचा पुरावा नव्हे. आयुष्यभर डाव्या बाजूला उभ्या राहिलेल्या लेखकाची गोष्ट उजव्या बाजूच्या निकालपत्रात.

मला विचाराल तर इथे तीच जुनी सवय कामाला येते. काय बदललं नाही? टीव्ही. २०८१ मध्येही नवरा-बायको सोफ्यावर बसून टीव्हीच बघतायत, आणि पोटचा पोरगा पडद्यावर मेला तरी कार्यक्रम पुढे चालू. समता आली, हुशारी गेली, पण सोफा जागचा हलला नाही. व्हॉनेगट नक्की कुणावर हसत होता यावर अजून वाद चालतो. समता म्हणजे असलं काहीतरी असतं असं मानणाऱ्या घाबरट अमेरिकनांवरच तो हसतोय असंही काहीजण म्हणतात. सम्राट व्हायला निघालेलं चौदा वर्षांचं पोर बघितलं की मला ते पटतं.

साँडर्सपर्यंत येताना उपहासाचा आवाज खाली येतो. पन्नासच्या दशकात लाउडस्पीकरची गाडी ओरडत होती. नव्वदनंतर सगळं 'फ्रेंडली रिमाइंडर' झालं. याचं एक कारण साँडर्सच्या नोकरीत आहे. १९८९ पासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये एका पर्यावरण-अभियांत्रिकी कंपनीत तांत्रिक अहवाल लिहायचा, आणि कचेरीच्या वेळातून वेळ चोरून कथा. १९९६ मध्ये पहिला संग्रह आला. म्हणजे त्याच्या लेखणीला वळण लावलं ते मेमो, फॉर्म आणि परिपत्रकांनी.

'पॅस्टोरेलिया' (२०००) या दीर्घकथेत एक माणूस आणि जॅनेट नावाची बाई एका थीम पार्कमध्ये गुहेतले आदिमानव बनून राहतात. नोकरीच ती. इंग्रजी बोलायला बंदी, फक्त गुरगुरायचं. खायला रोज सकाळी भिंतीतल्या झरोक्यातून मारलेला बोकड येतो. एक दिवस येत नाही. प्रेक्षक तर फिरकतच नाहीत, पण तरी गुरगुरायचं, न जाणो कुणी आलं तर. आणि रात्री, दिवसभर आदिमानव झालेला हा गृहस्थ, आपल्या जोडीदाराच्या कामगिरीचा दैनिक मूल्यमापन फॉर्म भरतो. जोडीदाराच्या वृत्तीत काही अडचण जाणवली का? नाही. मध्यस्थी लागेल असा काही प्रसंग? नाही. जॅनेट दिवसभर इंग्रजीत बडबडत असते, तिच्या घरी अडचणी आहेत, तिची नोकरी जाऊ नये म्हणून तो खोटं लिहितो. पण त्याचाही मुलगा आजारी आहे, बिलं येतायत, आणि वरून गोड भाषेतले फॅक्स येतायत की खरं लिहिणं हीच खरी मैत्री. एके दिवशी तो खरं लिहितो.

तुम्ही जर कधी कॉर्पोरेटमध्ये 'पिअर फीडबॅक' भरला असेल, हिंजवडीत असो वा ह्यूस्टनमध्ये, तर या फॉर्मचा वास ओळखीचा वाटेल. गुहा ही थाप आहे. फॉर्म खरा आहे.

'एस्केप फ्रॉम स्पायडरहेड' (२०१०) मध्ये ही टिचकी परत भेटते. कैद्यांवर औषधांचे प्रयोग चालू आहेत. कमरेपाशी एक संच बसवलेला, त्यातून रिमोटने औषध सोडतात. एक औषध प्रेमात पाडतं, एक भाषा फुलवतं, एक जीव नकोसा करतं. पण कायदा मोठा कडक! प्रत्येक वेळी कैद्याला विचारायचं: सोडू का? आणि कैद्याने म्हणायचं 'ॲक्नॉलेज', म्हणजे 'मान्य'. नाही म्हणण्याची सोय कागदावर आहे. भाषा फुलवणारं औषध चढलं की निवेदकाची भाषा एकदम संस्कृतप्रचुर, अलंकारिक होते, साधी बाग बघून तो काव्य करू लागतो. उतरलं की पुन्हा रोखठोक. वाचणाऱ्याला कुणी सांगत नाही औषध कधी उतरलं, वाक्यं सांगतात. मराठीत कुणी याचं भाषांतर केलं तर मजा येईल. आपल्याकडे तर या दोन भाषा तयारच आहेत, एक भाषणाची आणि एक स्वयंपाकघरातली.

साँडर्स सिरॅक्यूज विद्यापीठात शिकवतो. तिथला त्याचा विद्यार्थी नाना क्वामे अजेई-ब्रेनिया. त्याचा 'फ्रायडे ब्लॅक' संग्रह २०१८ चा. शीर्षककथेत थँक्सगिव्हिंगनंतरच्या शुक्रवारच्या सेलला गिऱ्हाइकं झॉम्बीसारखी चाल करून येतात, मेलेल्यांना बाजूला सारून विक्री चालू राहते. लेखकाने स्वतः मॉलमध्ये कपडे विकलेत, आणि २००८ च्या अशाच शुक्रवारी लाँग आयलंडवरच्या एका मोठ्या दुकानात दार उघडताच गर्दीच्या पायाखाली एक कर्मचारी खरोखर मेला होता. म्हणजे अतिशयोक्तीला जागा थोडीच.

पण त्याच संग्रहातली 'झिमर लँड' मला जास्त झोंबली. २०१२ मध्ये फ्लोरिडात वस्तीत स्वयंसेवक म्हणून पहारा देणाऱ्या जॉर्ज झिमरमनने ट्रेव्हॉन मार्टिन या सतरा वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलाला गोळी घातली. पुढच्या वर्षी तो निर्दोष सुटला. कथेचं नाव तिथून आलंय. एक थीम पार्क. तिकीट काढून गिऱ्हाईक एका नकली घराचा मालक होतं, बाहेर एक काळा तरुण घुटमळतो, आणि मग 'न्याय' करायचा. तो तरुण म्हणजे आयझाया, पगारी नोकर. अंगात संरक्षक पोशाख, कपड्यांखाली रक्ताच्या पिशव्या. रोज मरायचं, कपडे बदलायचे, पुन्हा मरायचं. कंपनीला तो सूचना करतो की प्रसंग थोडे गुंतागुंतीचे करू या, लोक विचार करतील. कंपनी बैठक बोलावते, त्याचं कौतुक करते आणि जाहीर करते की यापुढे लहान मुलांनाही प्रवेश मिळेल. बैठकीतली भाषा अशी काही सभ्य आहे की मी वाचताना दोनदा मान डोलावली आणि मग दचकलो.

सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं तर मी ब्रॅडबरी सांगेन, कारण तो एका चहात वाचून होतो. साँडर्सला मात्र सवड द्या. त्यातली ब्रँडची नावं, ट्रेडमार्कची चिन्हं, बाष्कळ घोषणा वाचून सुरुवातीला वैताग येतो. तो यावाच.

सेम्प्लिकाची गोष्ट अर्धी राहिली. चार बायका अंगणात टांगल्यावर आठवडाभर घर सुखात असतं. मग धाकटी मुलगी रात्री उठून त्यांना सोडून देते. चौघी पळतात, डोक्यातली तार अजून एकमेकींना जोडलेली. कंपनीचं पत्र येतं, बायकांची भरपाई कोण देणार याचं. बाप टेलिग्रामच्या भाषेत, कर्ता-क्रियापद गाळून रोजनिशी लिहीत राहतो, आणि शेवटच्या पानावर त्याला प्रश्न पडतो, की इतकं सगळं सोडून पळावं असं त्यांना कशाची ओढ असेल? उत्तराच्या अगदी उंबऱ्यापर्यंत तो येतो. मग खिडकीतून बघतो. चांदण्यात रिकामी चौकट उभी. स्वतःसाठी नोंद करतो: कंपनीला फोन करणे, ही कुरूप वस्तू घेऊन जायला सांगणे.

ही गोष्ट मी आईला फोनवर सांगितली. ती मेथी निवडत होती. मध्ये एकदाच म्हणाली, "डोक्यातून?" मी पुढे सांगत गेलो. संपल्यावर थोडा वेळ देठं मोडल्याचाच आवाज. मग म्हणाली, "आठवडाभर काम केलं ना त्यांनी? मग त्यांचा पगार राहिलाच की."